पेशीपटल नुसतं पाठ करायचं की कॉम्प्युटरवर हलताना बघायचं?

‘नीट’ची तयारी करणाऱ्या लातूर-नांदेडच्या मुलांना विचारा. सिंगर-निकोल्सन, १९७२, फ्लुइड मोझॅक मॉडेल, हे उत्तर तोंडपाठ असतं. पण यातलं ‘फ्लुइड’ म्हणजे नेमकं काय?

पेशीभोवतीचं लिपिडचं पटल जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचं. तूप थंडीत थिजतं, उन्हाळ्यात पातळ होतं, तसंच काहीसं इथेही घडतं. फुप्फुसात आढळणाऱ्या डीपीपीसी या लिपिडचं पटल साधारण ४१ अंशांना घट्ट अवस्थेतून प्रवाही होतं.

सिम्युलेशन कसं चालतं?
प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, २ फेम्टोसेकंद पुढे सरकायचं, पुन्हा बल काढायचं. एका मायक्रोसेकंदासाठी अशा ५० कोटी पायऱ्या! अर्थात, निष्कर्ष प्रयोगाशी ताडून पाहावेच लागतात.

उपयोग काय?
फायझर, मॉडर्नाच्या कोविड लशींतला एमआरएनए लिपिडच्या कणांतूनच पेशीत पोहोचतो. असे कण समजून घ्यायला सिम्युलेशनची मदत होते.

आपल्याकडे का नको?
ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे. छोटं पटल चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या एका कॉम्प्युटरवरही चालतं. मोठ्या कामासाठी पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. मग स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने नांदेडला आणि लातूरच्या उपकेंद्रात बीएस्सीपासूनच हे प्रात्यक्षिक सुरू करावं. महागडी रसायनं लागणार नाहीत. लागेल ती अखंड वीज, बरं इंटरनेट आणि शिकवणारा माणूस. पुण्याला जाणं न परवडणाऱ्या मुलांसाठी एवढं तरी व्हायलाच हवं.