केडगावचे अश्रू आणि हिब्रूचे व्याकरण

पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी लिहिताना तिचे दोन कालखंड पाडण्याचा प्रघात आहे. इंग्लंडमधील रमाबाई तर्कनिष्ठ आणि केडगावच्या रमाबाई भावविवश, असे मानून कोणी या प्रवासाला उन्नती म्हणतो, तर कोणी ऱ्हास. ही वाटणी सोयीची असली, तरी कसोटीला उतरत नाही.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंनी तेथील मठवासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, त्यात त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर हे मत, केवळ चर्च सांगते म्हणून मानण्यास त्यांनी नकार दिला. इतकेच नव्हे, तर स्वतःला न पटलेली मते आपली मुलगी मनोरमा हिला शिकवण्यासही त्यांनी हरकत घेतली. शास्त्राध्ययनात वाढलेल्या विदुषीचा हा बाणा खराच. परंतु बुद्धीला न पटलेले तोंडाने कबूल करणे ही ईश्वराशीच प्रतारणा, असे वाटण्यामागची तळमळ निव्वळ तर्कातून येत नाही.

पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशन या रमाबाईंच्या आश्रमात उज्जीवन, म्हणजे सामूहिक धर्मजागृती झाली, तेव्हा तेथील मुली हुंदके देत पापांची कबुली देऊ लागल्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि अंतरी आग पेटल्याचे सांगू लागल्या. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्यांना हा गलबला खटकला. त्यावर रमाबाईंनी पाश्चात्त्य रीत हीच भक्तीची एकमेव रीत कशी, असा सवाल करून भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या स्वभावाप्रमाणे देवाला आळवावे, अशी बाजू मांडली. भावनेचे हे समर्थन युक्तिवादाने केलेले आहे, आणि वाँटेजला चर्चच्या अधिकाराला प्रश्न विचारणारी लेखणीच येथेही चाललेली दिसते.

याच केडगावात रमाबाई बायबलाचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संस्कृतप्रचुर शब्द टाळून अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीसाठी झटल्या. भावनेच्या आहारी गेलेले मन व्याकरणाच्या अशा किचकट कामात वर्षानुवर्षे रमत नाही. उज्जीवनानंतरही हे काम थांबले नाही. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर ते चालूच होते.