अमावास्येला शाळेत या

गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेच्या मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला होता. पुण्याहून हौशी आकाशनिरीक्षकांची एक मंडळी दोन दुर्बिणी घेऊन येणार होती. तारीख कळवल्यावर दुसऱ्याच दिवशी वसतिगृहातील एका मुलाच्या वडिलांचा दूरध्वनी आला. "सर, त्या रात्री अवस आहे. अवसेला पोरं रात्रभर उघड्यावर कशी ठेवायची?" मी परोपरीने समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि शुक्रवारी दुपारी येऊन ते मुलाला घरी घेऊन गेले. सातवीत शिकणारा हा मुलगा गेले महिनाभर मला मृग नक्षत्राविषयी विचारत होता. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना त्याने मागे वळून पाहिले. ती नजर मला अजून विसरता आलेली नाही.

त्या वडिलांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते कष्टकरी आहेत, दरवर्षी 14 एप्रिलला गावातील मिरवणुकीत पुढे असतात, त्यांच्या घरात बाबासाहेबांची आणि तथागतांची प्रतिमा आहे. तरीही अमावास्येची भीती त्या घरातून गेलेली नाही. ती आपल्यापैकी किती घरांतून गेली आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम साधी गोष्ट. आकाशदर्शन अमावास्येच्या आसपासच का ठेवतात? पौर्णिमेला चंद्राच्या प्रकाशात मंद तारे बुडून जातात. आपले अनेक मेळावे वैशाखी, आषाढी, आश्विन अशा पौर्णिमांना भरतात. त्यामुळे समाज म्हणून आपण रात्री एकत्र येतो तेव्हा डोक्यावर तारे मोजकेच असतात. चंद्र नसलेल्या रात्रीच कृत्तिकेचा पुंजका नीट दिसतो, मृगाच्या तलवारीतील धूसर तेजोमेघ दिसतो, देवयानी दीर्घिकेचा फिकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी शोधता येतो. त्या ठिपक्याचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. कृत्तिकेचा प्रकाश निघाला तेव्हा शिवरायांचा जन्मही झालेला नव्हता. वर्गातील फळ्यावर इतिहास शिकवताना मला जे साधत नाही, ते ती एक रात्र साधते: काळ किती मोठा आहे आणि त्यात आपल्याला हीन ठरवणारी व्यवस्था किती अलीकडची आहे, हे मुलांना डोळ्यांनी कळते.

महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून कार्यरत आहे. मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनकाळात, 1985-86 च्या सुमारास उभे राहिले आणि वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराचे कार्यक्रम करू लागले. नोकरी-व्यवसाय सांभाळून ही मंडळी दुर्बिणी वाहून नेतात, अनोळखी माणसांना एकेक तारा दाखवतात आणि त्याच त्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देतात. त्यांची दारे कुणालाही बंद नाहीत. तरीही अशा कार्यक्रमांना मी अनेकदा गेलो आहे आणि आपल्या वस्त्यांतील मुले मला तिथे क्वचितच दिसली आहेत. प्रवासाचा खर्च, शुल्क, रात्रीचा मुक्काम आणि मुळात असे काही असते याची माहितीच नसणे, ही त्याची कारणे. त्यातच 'ज्योतिर्विद्या' हा शब्द ऐकला की आपली माणसे 'ज्योतिष' समजतात आणि दूर होतात. आकाश हा जणू शहरातील सुस्थितांचा छंद होऊन बसला आहे.

वास्तविक आकाशाशी आपला संबंध जुना आहे. माझे आजोबा वेसकर होते. गाव झोपी गेले की वेशीवर जागायचे, ही महारकीची कामगिरी. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते. मार्गशीर्षात तिकांडे मावळतीला टेकले की पहाट झाली, हे त्यांना ठाऊक होते. गावाच्या पंचांगावर त्यांचा अधिकार नव्हता, तिथी विचारायला जायची त्यांची पायरी नव्हती. तारे मात्र त्यांनी आयुष्यभर वाचले. ज्यांनी वाचले त्यांना अज्ञानी म्हटले गेले आणि ज्यांनी ताऱ्यांची भीती विकली ते ज्ञानी ठरले.

ही भीती विकण्याचा व्यवहार महात्मा फुले यांनी फार पूर्वी उघडा पाडला. 1855 साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून तिच्या दरिद्री घरातून दक्षिणा उकळणारा जोशी त्यांनी उभा केला. शिरवळ ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव. तिथल्या स्मारकावर आपण दरवर्षी 3 जानेवारीला जातो. पण त्या जोश्याचा धंदा आपल्या घरांत पूर्णपणे बंद झाला आहे का?

माझ्याच घरातील गोष्ट सांगतो. 1996 साली माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले होते. मुलाकडची मंडळी आपल्याच धम्माची, शिकलेली. त्यांनी संकोचत पत्रिका मागितली. आम्ही कुठून तरी करून दिली, ही आमचीही चूक. मंगळ निघाला आणि स्थळ मोडले. पुढे 27 ऑगस्ट 2003 रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे 5 कोटी 58 लाख किलोमीटरवर आला. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. पावसाळा सरल्यावर साताऱ्यात एका मैदानावर लोकांना दुर्बिणीतून मंगळ दाखवला जात होता. बहिणीला घेऊन गेलो. तिने डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "दादा, एवढासा?" नारिंगी रंगाची ती इवलीशी टिकली होती. त्या दिवसापासून तिच्या मनातील सल गेली, असे तिने मला नंतर सांगितले. माझ्या शंभर व्याख्यानांनी ती गेली नव्हती.

पत्रिका जुळवण्याच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. छत्तीस गुणांच्या त्या मेळात पहिलाच कूट 'वर्ण' हा आहे. बारा राशी चार वर्णांत वाटलेल्या आहेत. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वधूचा वर्ण वरापेक्षा वरचा असू नये, हा त्याचा नियम. चातुर्वर्ण्य जमिनीवर पुरले नाही, म्हणून ते आकाशातही नेऊन ठेवले. बौद्ध घरात पत्रिका पाहिली जाते तेव्हा आपण दीक्षाभूमीवर नाकारलेली उतरंड मागच्या दाराने पुन्हा घरात येते.

या व्यवहाराची परीक्षाही झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या आणि त्या मुलांची बुद्धिमत्ता ओळखायला सांगितली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे 46 टक्के निघाले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निम्मी बरोबर आली असती. 2009 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 2013 साली दाभोलकरांचा खून झाला. प्रश्न विचारण्याची केवढी किंमत त्यांनी मोजली, हे सातारा जिल्ह्याने तरी विसरू नये.

तथागतांची भूमिका या बाबतीत विलक्षण समतोल आहे. ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रांवरून भाकिते करून उपजीविका करणे निषिद्ध ठरवले आहे. नक्खत्त जातकाची कथाही हेच सांगते. नक्षत्र वाईट म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी गेलाच नाही, वधूकडच्यांनी मुलगी दुसऱ्या घरी दिली आणि मुहूर्ताची वाट पाहणाऱ्याच्या हातचे सगळे गेले. पण विनयपिटकातील चुल्लवग्गात अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंना नक्षत्रांची स्थाने आणि दिशा शिकून घेण्यास सांगितले आहे. म्हणजे तारे ओळखा, त्यांना भिऊ नका आणि त्यांच्या नावाने कुणाला भिववू नका. शिरवळजवळच्या डोंगरातील बौद्ध लेणी मुलांना दाखवताना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला आपल्याच कार्यकर्त्यांचा: मुलांना शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षा हवी, तारे कशाला? रोहित वेमुलाने अखेरच्या पत्रात कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची इच्छा लिहून ठेवली होती. आपल्या मुलांनी केवळ नोकरीपुरतेच स्वप्न पाहावे, ही मर्यादा आपणच का घालावी? दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. तो रास्त आहे, पण गेल्या वर्षी आपण त्यावर काढलेला उपाय रास्त नव्हता. मुलींना दहा वाजता झोपायला पाठवले आणि मृग डोक्यावर आला तेव्हा दुर्बिणीभोवती फक्त मुलगे होते. शिक्षिका आणि मातापालक सोबत असतील तर मुलींनाही तितकाच वेळ मिळू शकतो, मिळायलाच हवा.

म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी मार्गशीर्ष किंवा पौष अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आपल्या मैदानावर विनाशुल्क आकाशदर्शन व्हावे. अनुभवी मंडळींना निमंत्रण द्यावे, त्यांचा प्रवासखर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. औद्योगिक वसाहतीचे आणि महामार्गाचे दिवे आपल्या हाती नाहीत. पण आवारातील दिवे आपण नक्कीच मालवू शकतो. शाळेने एक चांगली द्विनेत्री विकत घ्यावी, ती ग्रंथालयातील पुस्तकासारखी मुलांच्या हाती द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, पालकांना निमंत्रण आधी द्यावे. गेल्या वर्षी आम्ही फक्त मुलांना सांगितले, ही आम्हा शिक्षकांची चूक होती. भीती घरात असेल तर घरालाच मैदानावर आणले पाहिजे.

त्या सातवीतल्या मुलाच्या वडिलांना मी यंदा स्वतः जाऊन भेटणार आहे. मुलाला पाठवा, एवढेच म्हणणार नाही. "तुम्हीही या, रात्री आमच्यासोबत जागा," असे म्हणणार आहे. वेशीवर रात्री जागणाऱ्यांची आपण नातवंडे आहोत. आपल्याला अमावास्येचे भय शोभत नाही.