आधी निदान, मग पाना

ऑफिसखालच्या टपरीवर उभं राहून नुसतं म्हणून बघा, "यार, काल बाईक बंद पडली." चहा यायच्या आत तीन निदानं तयार असतात. एक म्हणतो प्लग गेला. दुसरा म्हणतो कार्बोरेटरमध्ये कचरा. तिसरा हमखास म्हणतो, "पेट्रोलच भेसळीचं येतंय रे हल्ली." बाईक कुठली, किती किलोमीटर झाल्यावर बंद पडली, पुन्हा चालू कशी झाली, हे एकही जण विचारत नाही.

आता हीच मंडळी लिफ्टनं वर जातात आणि आपापल्या जागेवर बसतात. प्रॉडक्शनवर काहीतरी कोसळलंय आणि त्यातला एक जण लॉग न उघडताच म्हणाला की "डेटाबेस बदलून टाकू, बहुतेक तोच असेल," तर त्याचं काय होईल? कामावर असताना जो माणूस पुराव्याशिवाय एक ओळ बदलत नाही, तोच माणूस गॅरेजमध्ये "बदलून टाका हो, जे काय असेल ते" असं म्हणून मोबाईल बघत बसतो. मला या गोष्टीचं नेहमी नवल वाटतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. हौसेखातर बाईक चालवणाऱ्या प्रत्येकाला पाने फिरवता आलेच पाहिजेत असं नाही. इंजिन उघडणं तर सोडाच. पण बिघाड शोधायला मात्र शिकलं पाहिजे. कारण साधं आहे: बिघाड होतो त्या क्षणी तिथे तुम्ही हजर असता, मेकॅनिक नसतो.

एक उदाहरण देतो. माझ्या एका मित्राकडे १५० सीसीची जुनी, कार्बोरेटरवाली बाईक आहे. शहरात लोण्यासारखी चालते. पण बाहेर काढली की पंचवीस-तीस किलोमीटरनंतर आचके द्यायला लागते आणि बंद. रस्त्याकडेला दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी पुन्हा चालू. पुढे तेवढंच अंतर गेलं की परत तेच.

गडी दोन गॅरेजं फिरला. पहिल्या ठिकाणी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. मेकॅनिकनं चौकापर्यंत चक्कर मारली आणि चावी हातात दिली, "एकदम ओके आहे साहेब." पुढच्या रविवारी पुन्हा बंद. दुसऱ्या ठिकाणी इग्निशन कॉइल बदलली, पेट्रोलचा पाईप बदलला. पुन्हा चौकापर्यंत चक्कर, पुन्हा ओके. एकूण तीनेक हजार गेले आणि बाईक होती तिथेच.

या लक्षणांवरून निदान दोन तरी निघू शकतात. पहिलं इग्निशन कॉइलचं. कॉइल खराब व्हायला लागली की कधी कधी ती गरम झाल्यावरच दगा देते. गार झाली की पुन्हा ठिणगी द्यायला लागते. दुसरं निदान पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत, अडखळत येतं. समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल आपल्या वजनानं कार्बोरेटरमध्ये उतरतं, पण जितकं खाली जाईल तितकी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीकशी वाट ठेवलेली असते. ती धुळीनं, गंजानं बुजली की टाकीत हवेचा दाब कमी होत जातो आणि शेवटी पेट्रोल उतरायचं थांबतं. थांबून राहिलात की हवा हळूहळू कुठून तरी झिरपते आणि गाडी चालू होते. शहरातल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत हे कळतही नाही.

म्हणजे दोन वेगळी कारणं आणि वरून कहाणी अगदी एक. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गार बाईककडे कितीही बघा, यातलं खरं कुठलं ते कळणार नाही. आपल्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतात. :-)

पण बाईक बंद पडते त्या क्षणी एक सोपी चाचणी करता येते. बाकी कशालाही हात न लावता टाकीचं झाकण उघडायचं. 'सुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज येतो का ऐकायचं. झाकण लावायचं, पाच-दहा सेकंद थांबायचं, स्टार्टर दाबायचा. चालू झाली तर दोष झाकणाचा, कारण एवढ्या वेळात कॉइल गार झालेली नसते. नाहीच झाली तर झाकण घट्ट आहे याची खात्री करून, सांडलेल्या पेट्रोलपासून लांब, एक जादा प्लग कॅपमध्ये बसवायचा, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवायची, प्लगला हात न लावता किक मारायची आणि ठिणगी बघायची. ठिणगीच नसेल तर पेट्रोलच्या वाटेला जायचं कारण नाही.

रविवारी आम्ही मुद्दाम ताम्हिणीच्या रस्त्याला निघालो. पौड ओलांडल्यावर बाईकनं इमानदारीत मान टाकली. झाकण उघडलं, सुस्स. लावलं, स्टार्टर दाबला, चालू! पुढच्या गावात पंक्चरवाल्याकडे झाकणाची वाट बारीक तारेनं मोकळी केली, हवेच्या पाईपनं फुंकून घेतली. त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणून आम्ही दोन चहा जास्त प्यायलो.

यावरून "मेकॅनिक लोक लुटतात" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही. तीस किलोमीटरनंतर दिसणारा बिघाड शोधायचा तर मेकॅनिकला तीस किलोमीटर जावं लागेल. त्याचे पैसे कोण देणार? गॅरेजचं बिल नीट वाचा. त्यात पार्ट असतात, ऑइल असतं, मजुरी असते. 'विचार केला, ४० मिनिटं' अशी ओळ कधी बघितलीय? उद्या त्यानं तासभर शोधून फक्त एक सुटलेली वायर खोचली आणि ३०० रुपये मागितले, तर आपणच म्हणणार, "बदललं तर काहीच नाही, पैसे कसले?" आपला क्लायंट मात्र बिघाडाचं मूळ शोधायचे तासांवर पैसे मोजतो आणि ते आपण आनंदानं घेतो. पार्ट बदलला की दोघंही खूश. मेकॅनिकला बिल लावता येतं, गिऱ्हाईकाला काहीतरी हातात पडल्यासारखं वाटतं. बिघाड तेवढा तसाच राहतो.

म्हणून गॅरेजमध्ये जाताना दोन गोष्टी करा. एक म्हणजे नीट बग रिपोर्ट द्या. "बाईक बंद पडते" हा रिपोर्ट नाही. किती किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना की तापल्यावर, टाकीत पेट्रोल किती होतं, पाऊस होता का, बंद पडताना आचके दिले की दिवा विझावा तशी एकदम गेली? यातला शेवटचा प्रश्न लाख मोलाचा आहे. एकदम गेली तर बहुतेक वेळा दोष वीजपुरवठ्याचा किंवा ठिणगीचा असतो. आचके देत, रेंगाळत गेली तर बहुतेक वेळा पेट्रोलचा. दुसरी गोष्ट म्हणजे सरळ सांगा, "दादा, शोधायचे पैसे वेगळे देतो, पण कारण सापडल्याशिवाय काही बदलू नका." माझ्या नेहमीच्या मेकॅनिकला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली. आता तोच मला उलटे प्रश्न विचारतो.

आणि स्वतः शोधायचं तर? पेट्रोल इंजिनला काय लागतं ते आपण सगळे शिकलोय: हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात, पुरेसं कॉम्प्रेशन, आणि बरोबर वेळी ठिणगी. चौथं काही नाही. तपासणीचा क्रम मात्र पुस्तकातला नको, फुकटापासून महागापर्यंत ठेवा. किल स्विच. पेट्रोल कॉक. साइड स्टँडचा स्विच. प्लगची कॅप नीट बसलीय का. बॅटरीच्या टर्मिनलचे स्क्रू. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. तासाभराच्या विश्रांतीनंतर बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडं रेस केल्यावर १४च्या आसपास दिसली, तर चार्जिंगवरचा संशय बराचसा मिटतो. प्लग काढून बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाहीये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर, पेट्रोल तिन्ही एकदम बदलून बाईक सुधारली तर आनंद आहे, पण शिकलात काहीच नाही.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय जाणवलं. दोन ओळी पुरतात. ॲप नको, ग्रीसच्या हातानं लिहिता येईल अशी वही हवी.

इथवर बंद पडणाऱ्या बाईकची गोष्ट झाली. ती त्रासदायक असते, पण जीवघेणी क्वचितच. मला जास्त भीती वाटते ती न बोलणाऱ्या बिघाडांची. डिस्क ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. रोजच्या ट्रॅफिकमध्ये काही फरक पडत नाही. पण लांब घाट उतरताना ब्रेक दाबून धरत आलात की ते ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकते. ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलतात, मग बाईक कमी चालली असली तरीही. आणि म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या ब्रेकवर उतरायचा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग बघितले की अंगावर काटा येतो.

तसंच चेनचं. साफ करताना इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवणारे लोक आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं अडकलं की बोटं त्याच्या मागोमाग जातात. चाक हातानं फिरवा, इंजिन बंद ठेवून. दहा मिनिटं जास्त लागतील.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला, "नवीन बाईकमध्ये सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, आपण काय बघणार?" १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि नव्या बाईकवरचा कार्बोरेटर जवळपास गेलाच, हे खरं. फ्युएल इंजेक्शन असलं तरी टायर, चेन, ब्रेक, बॅटरी, प्लग आणि ढिले कनेक्टर जसेच्या तसे आहेत. शिवाय ईसीयू एरर कोड देतो म्हणजे निदान देतो असं नाही. कोड कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. सेन्सर मेलाय, उंदरानं वायर कुरतडलीय की कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, ते शोधावंच लागतं. एक्सेप्शन कुठल्या ओळीवर आलं हे कळणं म्हणजे बग सापडणं नव्हे, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

दुसरा आक्षेप, "माझ्या तासाची किंमत मेकॅनिकच्या तासापेक्षा जास्त आहे." असेल. पण घाटात, रेंज नसताना, मागे कुणीतरी बसलेलं असताना, अंधार पडत असताना त्या तासाची किंमत काय, तेही एकदा काढून बघा. आणि सगळं स्वतः करा असं मी म्हणतच नाहीये. व्हॉल्व्ह, फोर्क, एबीएसवाले ब्रेक, चाकाचे बेअरिंग ही कामं मी मेकॅनिककडेच देतो.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या जर्मन बाईकचं हँडल सैल पडलंय आणि निवेदक सुचवतो की बिअरच्या कॅनचा पत्रा कापून पट्टी घालू, घट्ट बसेल. मित्राला ते अपमानास्पद वाटतं. आपल्याकडे हा प्रसंग घडणारच नाही. आपण पत्रा, सुतळी, एमसील, सायकलची ट्यूब, काहीही लावू आणि वर अभिमानानं सांगू. जुगाडाची आपल्याला लाज कधीच नव्हती. कंटाळा आहे तो हँडल सैल का झालं हे शोधायचा. आणि कारण न शोधता केलेला जुगाड म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. एरर दिसायची थांबते, एवढंच.

उद्या रविवार आहे. सकाळी ऊन चढायच्या आत बाईक मेन स्टँडवर लावा. टायर गार असतानाची हवा बघा. चेन किती सैल आहे ते मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. मॅन्युअल बहुधा सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून न उघडलेलं असेल. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवतंय का? नसेल आठवत, तर वहीचं पहिलं पान तिथूनच सुरू करा.