खोट्या जागेचा पत्ता, दहा मिनिटांत

जीपीएसमध्ये गडबड दिसली की दहा मिनिटांत कळवा, असे फर्मान डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढले. वैमानिक, नियंत्रक, तांत्रिक विभाग, ज्याच्या प्रथम लक्षात येईल त्याने कळवायचे. तारीख, वेळ, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, मार्ग, बाधित जागेचे अक्षांश-रेखांश, जॅमिंग होते की स्पूफिंग की नुसताच सिग्नल गेला हे सगळे द्यायचे, आणि पुराव्यादाखल एफएमएसचा डेटा किंवा स्क्रीनचे फोटो. त्या महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीभोवती स्पूफिंगने जो गोंधळ उडाला त्यानंतर असे काही येणारच होते. उशिरा आले, पण आले.

हुकूम वाचून वैमानिकांनी कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही. दिल्लीच्या तक्रारी ॲप्रोचवरच्या होत्या. तीन अंशांच्या उताराने दहा हजार फुटांवरून धावपट्टीच्या उंबरठ्यापर्यंत साधारण तीस नॉटिकल मैल होतात, आणि सरासरी दोनशे नॉट धरले तर वेळ लागतो नऊ-साडेनऊ मिनिटे. म्हणजे दहा हजारांखाली येताना गडबड झाली, तर कळवण्याची मुदत चाके टेकता टेकता संपते. याच टप्प्यात कॉकपिटमध्ये अनावश्यक शब्दही बोलू नये असा दंडक आहे, आणि तो मोडला म्हणून जाब विचारणारेही हेच खाते. यावर तोडगा सोपा आहे. एटीसीला वारंवारतेवर तोंडी सांगितले की दहा मिनिटांची अट पुरी झाली, बाकीचे कागद इंजिने बंद झाल्यावर, असे एक वाक्य प्रत्येक कंपनीने आपल्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये घालून घ्यावे. ते घालायला कोणत्या समितीची वाट पाहायची?

खरी गंमत अक्षांश-रेखांशांच्या रकान्यात आहे. स्पूफिंग झाले याचा अर्थच विमानाला आपली जागा चुकीची कळते आहे. हायब्रिड आयआरएस असेल तर तीही बाटलेली असण्याची शक्यता. अशा एफएमएसच्या पडद्यावरून आकडे उतरवून ‘बाधित जागा’ म्हणून पाठवायचे, म्हणजे खोट्या साक्षीदाराच्या जबानीवर पंचनामा करायचा. एडीएस-बी तेच जीपीएस प्रक्षेपित करते, तेव्हा तिकडून पडताळणी होण्याची आशा नाही. खरी जागा सांगू शकतात मुख्यतः दोन गोष्टी: नियंत्रकाचे एसएसआर आणि जमिनीवरचा डीव्हीओआर-डीएमई.

म्हणून वाचकांना पहिली विनंती अशी, की यापुढे अहवालात एफएमएसच्या अक्षांश-रेखांशांशेजारी रेडियल आणि डीएमई अंतर लिहा. ‘डीपीएन रेडियल अमुक, तमुक मैल, इतक्या यूटीसीला, इतक्या पातळीवर.’ अशा ओळी ढिगाने जमल्या की जॅमर कुठल्या बाजूला बसला आहे हे नकाशावर आखता येईल. त्याखेरीज हे अहवाल म्हणजे नुसती मोजदाद. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितले होते. ४६५ हा आकडा कळला. कोणत्या मार्गावर, कोणत्या पातळीवर, कोणत्या वेळी, हे ज्यांनी अहवाल भरले त्यांना कोणी उलट कळवले का? दर महिन्याला एफआयआरनिहाय एक नकाशा काढून तो ब्रीफिंगमध्ये लावणे इतके अवघड नसावे. फॉर्म भरणाऱ्याला त्याचे पुढे काय झाले हे दिसले नाही, तर तो पुढच्या वेळी भरत नाही. आपल्यातले कितीतरी जण आजही ‘दोन मिनिटांत परत आले, कशाला लिहा’ म्हणून सोडून देतात, तेही या मासिकाला ठाऊक आहे.

आता दिल्लीच्या प्रकरणातला मुख्य मुद्दा. १ डिसेंबरला राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितले, की जीपीएसवर आधारित पद्धतीने धावपट्टी १० वर उतरणाऱ्या काही विमानांना स्पूफिंगचा त्रास झाला, त्यांच्यासाठी पर्यायी पद्धत वापरली गेली, आणि जिथे पारंपरिक उपकरणे चालू होती त्या धावपट्ट्यांवर काही बिघडले नाही. हे वाक्य प्रत्येक विमानतळ संचालकाने टेबलावरच्या काचेखाली ठेवावे. त्या सुमारास धावपट्टी १० साठी आयएलएसच्या श्रेणीवाढीचे काम चालू होते. वारा पूर्वेचा झाला, रहदारी त्या टोकाला वळली, आणि आरएनपीवाचून हाताशी फारसे काही राहिले नाही. ९० आणि १५० हर्ट्झचे दोन साधे सूर विमानाला मध्यरेषेवर आणतात. त्या लोकलायझरची किंमत तो बंद असतानाच कळली.

एस्टोनियातल्या तार्तूने हा धडा आधीच गिरवला आहे. तिथला ॲप्रोच जीपीएसवर होता. एप्रिल २०२४ मध्ये फिनएअरची दोन विमाने जॅमिंगमुळे न उतरता हेलसिंकीला परतली, आणि कंपनीने महिनाभर तार्तूची सेवाच थांबवली. जीपीएसवाचून चालणारी पद्धत आखून झाल्यावर जूनमध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे शिर्डीला नोव्हेंबर २०१९ मध्ये कारण वेगळे होते, भोग तोच. उपकरणांवर आधारित ॲप्रोच नाही, दृश्यमानता पाच हजार मीटरच्या खाली, आणि कित्येक आठवडे एकही विमान उतरले नाही. जमिनीवर काय बसवले आहे यावरच शेवटी सारे ठरते.

‘गगन’ आहे ना, असे म्हणणारे अधिकारी अजून भेटतात. गगनने आयनोस्फिअरमुळे येणारी चूक सुधारते, इंटेग्रिटीचा इशारा मिळतो, किशनगडला एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोच्या एटीआरने त्यावर एलपीव्ही ॲप्रोच करून दाखवला. सगळे कौतुकास्पद. पण विमानाला मिळणारे गगनही जीपीएसच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येते. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून आलेला तो क्षीण सिग्नल ज्या जॅमरने दाबला, तो भूस्थिर उपग्रहाचा कशाला सोडेल? त्या क्षीण सिग्नलपुढे डीव्हीओआरचे शंभर वॅट म्हणजे दांडगाई.

अमेरिकेनेही व्हीओआर कमी करायला घेतले, पण जवळपास ९०० पैकी सुमारे ५९० ठेवायचे असे आधी ठरवून. हिशेब असा, की जीपीएस गेले तरी शंभर नॉटिकल मैलांच्या आत उतरण्याजोगा विमानतळ सापडला पाहिजे. भारतातही पारंपरिक उपकरणांचे किमान जाळे राखले आहे, असे मंत्र्यांचे त्याच उत्तरातले म्हणणे आहे. उत्तम. मग त्या जाळ्यातली ठाणी कोणती, हे चार्टवर ठळक दिसू द्या. त्यातले एखादे कॅलिब्रेशनसाठी किंवा सुट्या भागासाठी बंद पडले, तर त्याची निकड साध्या नोटॅमपेक्षा वेगळी धरा. त्यासाठी माणसे आणि कॅलिब्रेशनचे विमान राखून ठेवा. जीपीएस सुरळीत असताना ‘व्हीओआर यू/एस’ वाचून कोणी दचकत नाही. अमृतसरच्या वाटेवर दचकले पाहिजे.

ठाणी राहिली आणि ती वापरणारे हात राहिले नाहीत, तर उपयोग काय? सिम्युलेटरमध्ये व्हीओआर ॲप्रोच करताना मॅप डिस्प्ले चालू ठेवून जांभळ्या रेषेवरून विमान नेणे आणि सुई बरोबर बसली म्हणून खूण करणे, हा प्रकार सर्रास चालतो. तपासनीसही गप्प बसतात, कारण वेळ संपत आलेला असतो. जीपीएस काढून घ्या, मॅप काढून घ्या, मग बघा तीन-चार मैलांवर उंची आणि डीएमई जुळते का.

कप्तानांनो, पुढच्या फेरीपासून एवढे करा. उतरणीआधी गंतव्याचा डीव्हीओआर एका सुईवर हाताने लावा आणि आयडेंट कानाने ऐका. मुंबईत असाल तर बीबीबीचे तीन बी: डॅश-डॉट-डॉट-डॉट, तीनदा. डीएमईचा आकडा एफएमएसच्या अंतराशी ताडा. फरक मैलभराच्या वर जाऊ लागला की दोघांनी मिळून ते मोठ्याने म्हणा. आधी घड्याळ उडी मारते, मग ‘जीपीएस प्रायमरी लॉस्ट’ येते, मग नसलेल्या डोंगराची ‘टेरेन’ म्हणून हाक; तिथवर थांबू नका. टेरेनची हाक मात्र आपल्या मनाने खोटी ठरवू नका. रात्री किंवा ढगात असाल, तर खरी जागा दुसरीकडून पक्की होईपर्यंत ती खरीच माना.

नव्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी हे या महिन्याच्या रिकरंटमध्येच घ्यावे. आणि ज्या विमानतळांवर एखादे उपकरण महिनोन्‌महिने नोटॅमवर पडून आहे, तिथल्या वाचकांनी त्या नोटॅमचा क्रमांक आणि मुदत या मासिकाकडे पाठवावी. पुढच्या अंकापासून ती यादी नावांनिशी छापली जाईल.