बाजूला झालेले सरकार दाखवा

विकसनशील देशातल्या सरकारने अर्थकारणात लुडबूड करू नये, असे सांगणारे एक विद्वान सध्या मुंबईच्या उत्तरेच्या वसई तालुक्याचा दाखला देतात. बाजार मोकळा होता म्हणून नालासोपाऱ्यात गरिबांना घरे मिळाली. हरित पट्ट्याच्या नियमांनी गास, भुईगाव, गिरीज ही गावे मात्र केळीच्या बागांत अडकून पडले, असा त्यांचा सिद्धांत. ऐकायला झकास आहे. पण हा मोकळा बाजार नांदला कुठे? 1990 साली सिडको ही सरकारी संस्था इथली नियोजन प्राधिकारी झाली. जमीन बिनशेती होते सरकारी हुकमाने, किती बांधायचे तो एफएसआय ठरतो मंत्रालयात, लोकल रेल्वेची, पाणी सूर्या धरणाचे. एवढे सगळे फुकटात पदरात पडल्यावर बिल्डरने सिमेंट कालवले, की तो बाजाराचा पराक्रम! इथल्या गुंठ्याचा भाव जमिनीच्या कसावर ठरत नाही, विकास आराखड्यातल्या रंगावर ठरतो. सरकार बाजूला झाले ते फक्त गटाराच्या वेळी. खाडीकाठच्या खाजणात पावसाचे पाणी मुरत-थांबत असे. तिथे भराव पडत गेले आणि आता सनसिटी-गास रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, तेव्हा आयआयटी आणि नीरी या तज्ज्ञ संस्थांना पाचारण झाले, पावसाचे पाणी साठवणाऱ्या धारण तलावांची शिफारस झाली. म्हणजे भरावाचा नफा खासगी, तलावाचा खर्च पालिकेचा. आणि गरिबांची घरे? नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या 2025 च्या आरंभापर्यंत पाडल्या गेल्या. विकणारा केव्हाच पैसे घेऊन गेला होता. रस्त्यावर आला तो घेणारा. विद्वानांच्या हिशेबात ही घरे जमेला आहेत, वजाबाकी नाही.

सरकारी माणूस पैसे खातो, हा विद्वानांचा दुसरा आक्षेप. खातोच, पण त्याला खाऊ घालणारा बाजारातूनच येतो. मोकळ्या बाजाराचे यश म्हणून दक्षिण कोरियाचे नाव ते घेतात, पण तिथल्या सरकारने 1961 साली बँका ताब्यात घेऊन निर्यातदारांना कर्जे वाटली हे गाळतात. त्यांच्या सिद्धांतावर शंका घेणारा विकासविरोधी ठरतो. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्यातून ‘गावे वगळा’ म्हणणाऱ्यांनाही असेच विकासविरोधी ठरवले होते. ते ग्रामपंचायत मागत होते, बैलगाडी नव्हे.

सरकारने दिशा द्यावी ती क्रमाने: आधी पाणी, नाला, सांडपाणी, मग एफएसआय. खाजणात भराव नको, आणि बागायतदाराच्या फुला-भाजीला खात्रीची बाजारपेठ हवी. वाढीव एफएसआयची पुढची फाइल मंत्रालयात जाईल, तेव्हा गासच्या ग्रामस्थांनी एवढेच विचारावे: धारण तलाव कुठे खोदलात?