सगळ्यात स्वस्त खाट कितीला?

परवा मामांचा फोन आला. मामा म्हणजे बायकोचे मामा. कोकणातल्या त्या प्लॉटचं काय ठरवलंत, हे विचारायला. आम्ही "कळवतो" म्हणून वेळ मारून नेली. फोनवर जे धड बोलता आलं नाही ते आता लिहितोय. मामा हे वाचतात हे मला माहीत आहे. तेव्हा मामा, रागावू नका. किंवा रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

बाकीच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. मार्चमध्ये आम्ही दोघं आमची जुनी आल्टो घेऊन आठ दिवस कोकण किनाऱ्यानं फिरायचं ठरवलं. बजेट सोळा हजार, पेट्रोल धरून. म्हणजे मुक्काम घरगुती खोल्यांत, भक्तनिवासात, जमेल तिथे डॉर्मिटरीत. हे ऐकून मामा म्हणाले, "त्या खोल्यांतून कसले राहता? त्यापेक्षा लवासाला जा, दोन रात्री चांगल्या हॉटेलात काढा. सगळं इटलीसारखं केलंय. आणि कोकणात गेलातच तर माझ्या प्लॉटशेजारचा प्लॉट बघून या. चारी बाजूंनी कंपाउंड आहे आणि समुद्र दिसतो."

मोठ्यांचं ऐकावं म्हणतात. आम्ही दोन्ही केलं.

लवासाला पहिल्याच दिवशी गेलो. पिरंगुटहून मुठा, टेमघर आणि मग घाट. उतरून तळ्याकाठच्या रस्त्यानं चाललो. पिवळ्या, केशरी, विटकरी रंगांच्या इमारती, खाली कमानी, समोर पाणी. फोटोत छान येतं, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यांवर रंगाचे पोपडे निघालेत, वरच्या अंगाला अर्धवट राहिलेले सांगाडे उभे आहेत. पण मला खटकलं ते पोपड्यांचं नाही. इमारती नव्या कोऱ्या असत्या तरी खटकलंच असतं.

हे सगळं बेतलंय पोर्टोफिनोवर. पोर्टोफिनो हे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचं छोटं बंदर. आज तिथे श्रीमंतांच्या नौका लागतात, पण मुळात ते कोळ्यांचं गाव. ती रंगीत घरं धक्क्याला चिकटून उभी आहेत, कारण धक्क्यावर त्यांचं पोट होतं. लवासात धक्का नाही, होड्या ओढणारं कोणी नाही, समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. दासव्याला बांध घालून केलेलं तळं आणि त्याच्या खाली वरसगाव धरणाचा जलाशय, ज्याचं पाणी आम्ही पुण्यात पितो. एका कोळीवाड्यातून कोळी वगळला आणि रंग तेवढे आणले! नावसुद्धा कुठल्या भाषेतलं नाही. लवासा हा ब्रँडसाठी बनवलेला शब्द. त्या मोसे खोऱ्यातल्या गावांना मात्र नावं होती आणि आहेत: दासवे, मुगाव, भोईनी, धामणओहोळ.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात फक्त "कोर्टकचेऱ्यांमुळे चांगला प्रकल्प बुडाला" एवढंच आहे. १९९६ मध्ये राज्य सरकारनं खाजगी कंपन्यांना थंड हवेची ठिकाणं वसवू देणारं धोरण आणलं. त्यातून हे शहर निघालं. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, म्हणजे बांधणाराच परवानगी देणारा. तो दर्जा २०१७ मध्ये निघाला. मधल्या काळात जमिनी कशा घेतल्या गेल्या यावरून खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी, त्यात कातकरी आणि धनगरही होते, आवाज उठवला. मेधा पाटकर त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावलं आणि वर्षभरानं अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. गंमत म्हणजे शहराच्या आराखड्याला अमेरिकेत बक्षिसं मिळाली होती. आणि आराखडा वाईट नव्हताच. पायी चालायला जागा आहे, उतारांचा विचार आहे. फक्त एक प्रश्न त्यात कोणी विचारलेला दिसत नाही: इथली सगळ्यात स्वस्त खाट कितीला?

आम्ही विचारला. एका हॉटेलात दोघांच्या एका रात्रीचं भाडं आमच्या तीन दिवसांच्या खर्चाएवढं निघालं. यात हॉटेलाची चूक काही नाही, महाग हॉटेलं सगळीकडे असतात. पण कुठलंही जिवंत गाव घ्या, महाग हॉटेलाच्या मागच्या गल्लीत लॉज असतो, देवळाची धर्मशाळा असते, एसटी स्टँडचा बाक तरी असतोच. शेंगा विकणाऱ्या एका बाईंना बायकोनं विचारलं, तुम्ही राहता कुठे? त्यांनी डोंगराकडे हात केला. रोज चालत येतात, अंधार पडायच्या आत परत. "इथं आमी कुठं ऱ्हाणार?" या बाई हसून म्हणाल्या, जणू बायकोनं विनोद केला होता.

आपल्याकडे हॉस्टेल हा शब्द शिकायला गेलेल्या पोरांचा. वाटसरूसाठी आपला शब्द धर्मशाळा. अहिल्याबाईंनी देशभर बांधल्या त्या कोणाच्या हौसेसाठी नव्हे. पैसा कमी असणारा माणूससुद्धा वाट चालतो, त्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यामागचं साधं गणित होतं. जिथे ही जागा नाही त्याला मी शहर म्हणणार नाही. फार तर भाड्यानं मिळणारं दृश्य म्हणेन.

असो. दुसऱ्या दिवशी परत फिरून मुळशीच्या बाजूनं ताम्हिणी उतरलो. (मुळशीच्या त्या देखण्या पाण्याखाली काय बुडालं आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे कशासाठी बसले, हा वेगळा विषय. पण या तालुक्याला पाण्याकाठचं दृश्य विकत द्यायची सवय जुनी आहे.) माणगाव, म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन. दिवेआगरला सुपारीच्या आगरातल्या घरात पडवीला लागून खोली मिळाली. दोन गाद्या, एक पंखा, अंगणात नळ, पहाटे बंबाचं पाणी. जेवायला माजघरात, घरच्यांच्याच पंगतीत. हिशोब काकूंनी नातवाच्या जुन्या वहीत मांडला आणि सोलकढीचे पैसे धरायला विसरल्या. आम्ही आठवण केली तर म्हणाल्या, "कढीचे कसले हो पैसे!"

हरिहरेश्वरहून पुढे बागमांडल्याला जंगलजेटीत गाडी चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो, तिथून वेळास. हे गाव मामांनी मुद्दाम बघावं असं आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तोवर ती अंडी कोल्हे-कुत्री खात, माणसंही नेत. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि गावात हॉटेल नव्हतं, म्हणून लोकांनी घरं उघडली. कोणी इटलीहून आराखडा आणला नाही. ओटीवर सतरंज्या टाकल्या, संडास जास्तीचे बांधले आणि मोदक वळायला घेतले. आमच्या शेजारच्या सतरंजीवर मुंबईची चार कॉलेजची पोरं होती, पलीकडे नागपूरचे निवृत्त मास्तर. पहाटे सगळे एकत्र किनाऱ्यावर. हातभर वाळू कापायला पिल्लाला किती वेळ लागतो ते बघत बसलो होतो, कोणी बोलत नव्हतं. मला तरी याहून चांगलं हॉस्टेल कुठलं असेल असं वाटत नाही.

आणि रंगीत बंदरच हवं असेल तर संध्याकाळी हर्णैला उभं राहावं. समोर सुवर्णदुर्ग, नांगरलेल्या बोटी, माल आणणाऱ्या बैलगाड्या, वाळूतच मासळीचा लिलाव. आमच्यासारख्याला त्यातलं अक्षर कळत नाही, पण भाव फुटल्याचं कळतं. वास येतो, हो. पोर्टोफिनोलाही कधीकाळी आलाच असेल.

इथवर वाचून माहेरचे-सासरचे सगळे म्हणतील, झालं, कोकण चांगलं आणि लवासा वाईट. तेवढं सोपं असतं तर मी लिहिलंच नसतं.

कारण वाटेत एका गावात (नाव देत नाही) मी खोलीसाठी फोन केला. पलीकडून आधी भाडं नाही, आडनाव विचारलं. सांगितलं. "खोली नाही शिल्लक." दहा मिनिटांनी बायकोनं त्याच नंबरावर फोन केला आणि माहेरचं आडनाव सांगितलं. खोली होती. गरम पाणीही होतं. शिवाय "तुम्ही आपल्यातल्याच, जेवणाची काळजी नको" हेही होतं. तिनं फोन ठेवला. बराच वेळ आम्ही दोघं गाडीत नुसते बसून होतो. मग पुढच्या गावात एका भक्तनिवासात गेलो. तिथे ओळखपत्राची झेरॉक्स आणि तीनशे रुपये एवढंच लागलं.

आमच्या लग्नाच्या वेळी काय काय झालं ते नातेवाइकांना सांगायला नको. मामा, तुम्ही तेव्हा आमच्या बाजूनं उभे राहिलात हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमचा मुद्दा मला आधीच ऐकू येतोय: "बघ, लवासात निदान आडनाव तरी विचारत नाहीत." खरं आहे. माझे दोन-तीन मित्र याच कारणासाठी घरगुती सोयीच्या वाटेला जात नाहीत. परवडत नसलं तरी हॉटेलच घेतात. त्यांना मी "घरगुती जेवणाचा गोडवा" ऐकवायला जाणार नाही. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्या गाडीत तोच आडनावाचा खेळ चालावा, याला कोकणी आदरातिथ्य म्हणायचं असेल तर मला ते नको. ज्या घरांनी किनाऱ्यावरची पाटी लावून पैसे घ्यायला सुरुवात केली, ती आता नुसती घरं उरलेली नाहीत. ताटात काय वाढायचं ते त्यांनी ठरवावं, पण ताटावर कोण बसणार ते नाही.

पण पाकिटाचं फाटक हा आडनावाच्या फाटकावरचा उपाय नव्हे. त्यानं फक्त ज्यांच्याकडे पैसे आहेत तेवढ्यांची सुटका होते, शेंगावाल्या बाईंची दोन्हीकडे अडवणूक. उपाय म्हणजे जिथे नियमानंच कोणी काही विचारत नाही अशा स्वस्त खाटा. पणजीला मिरामारला सरकारी यूथ हॉस्टेल आहे, तशी. किनाऱ्याच्या प्रत्येक मोठ्या गावात दहा-दहा खाटांची डॉर्मिटरी, स्वच्छ संडास, बायकांसाठी वेगळी खोली, कुलूप लागणारं कपाट. यात आराखड्याला बक्षीस मिळण्यासारखं काही नाही, मान्य.

आता प्लॉट. मामा, आम्ही गेलो होतो. समुद्र दिसतो, खरंच सुंदर दिसतो. फाटकावर वॉचमन आहे, आत चार बंगले झालेत, त्यातले तीन बंद होते. तुमच्या कंपाउंडची खालची भिंत जिथे आहे तिथून एक जांभ्याची पाखाडी समुद्रावर उतरत होती. आता ती भिंतीला येऊन संपते. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका भिंतीच्या कडेकडेनं, काट्यांतून, लांबचा वळसा घेऊन जाताना बघितल्या. बायकोनं वॉचमनला विचारलं, त्यांना आतून का जाऊ देत नाही? तो म्हणाला, "साहेब लोकांची प्रायव्हसी." माहितीपत्रकावर लिहिलंय, "मोजक्या कुटुंबांसाठी." २००७ च्या आसपास घरी आलेल्या लवासाच्या माहितीपत्रकातले शब्द मला आठवत नाहीत, पण कागद असाच गुळगुळीत होता.

तेव्हा आमचं उत्तर नाही. पैशांची अडचण आहेच, पण नसती तरी नाही. उलट तुम्हीच तुमच्या सोसायटीच्या सभेत ती पाखाडी मोकळी करायचा विषय काढा. तुमचा प्लॉट कोपऱ्यावरचाच आहे, फार तर चार फूट जातील.

आणि पुढच्या मार्चमध्ये मामींना घेऊन आमच्याबरोबर वेळासला चला. दोन रात्री, माणशी खर्च तुमच्या एका हॉटेलच्या नाश्त्याएवढा. मामींच्या गुडघ्यांचं माझ्या लक्षात आहे. त्या घरी मी विचारून ठेवलंय, एक कमोड आहे आणि सतरंजीऐवजी खाट मिळेल.