२०६ ग्रॅमचं मिग आणि आपलं आकाश

ड्रोनचं ‘ग्लोबल हब’ व्हायचंय, असं आपण म्हणतो. पण बाल्सा लाकडाचं एक खेळण्याएवढं जेट उडवायचं ठरवलं, तर काय काय आडवं येतं? आमच्या घरातल्या एका जुन्या किटच्या निमित्ताने घेतलेला हा आढावा.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला गेला. १९६३पासून हवाई दलात असलेलं विमान, ६२ वर्षांची सेवा. टीव्हीवर तो सोहळा सुरू असताना नाशिकहून मामाचा फोन आला. “माळ्यावरचा खोका आठवतो का? काढलाय खाली. येतेस का?”

तो खोका मी लहानपणापासून बघत आलेय. मामा एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना त्याने हौसेने घेतलेलं मिग-२१चं बाल्सा किट. आजोबा ओझरच्या कारखान्यात होते, म्हणून मिगच. (१९६४मध्ये नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ बनवण्यासाठीच. भारतात ६००हून जास्त मिग-२१ तयार झाली.) पण किट काही जोडलं गेलं नाही. नोकरी, लग्न, ईएमआय, नेहमीचंच. पंख्याला टांगायचं शोभेचं मॉडेल होतं ते. मामाला आता ते उडवायचं होतं. रिमोटवर, बॅटरीवर.

मी म्हटलं, चला, एक मस्त फीचर होईल. पण महिनाभर त्यात डोकं घातल्यावर कळलं की ही नुसती हौसेची गोष्ट नाही. यात इक्वेडोरचं जंगल आहे, चीनचे लोहचुंबक आहेत आणि दिल्लीतला कायद्याचा एक मसुदासुद्धा आहे.

टांगायचं विमान उडवायचं कसं?

खऱ्या जेट इंजिनाची नक्कल करायला हॉबीवाले ‘इलेक्ट्रिक डक्टेड फॅन’ वापरतात, म्हणजेच ईडीएफ. एका गोल नळीत बसवलेला छोटा पंखा, मागे ब्रशलेस मोटर. पंखा पुढून हवा ओढतो, मागून जोरात फेकतो. बाहेर प्रोपेलर दिसत नाही, त्यामुळे विमान जेटसारखं दिसतं आणि आवाजही तसाच, कान किटवणारा.

पहिला घोळ इथेच. किटच्या पोटात ‘फॉर्मर’ म्हणजे बाल्साच्या गोल चकत्या असतात, विमानाच्या फासळ्याच समजा. त्या भरीव असतात. हवेला वाट द्यायची तर त्या मधून कापाव्या लागतात. कापल्या की सांगाडा लेचापेचा होतो, मग लांबीच्या दिशेने बारीक पट्ट्या वाढवाव्या लागतात. पट्ट्या वाढल्या की वजन वाढतं. वजन वाढलं की मोठा पंखा लागतो. मोठ्या पंख्याला मोठी बॅटरी. हे चक्र कुठेतरी तोडावंच लागतं.

दुसरा घोळ मिगच्याच रूपाचा. मिग-२१ नाकातून श्वास घेतं आणि त्या तोंडातही शंकू बसवलेला असतो. एवढ्याशा फटीतून छोट्या पंख्याला पुरेशी हवा मिळत नाही. यावर जुना उपाय म्हणजे पोटाखाली, कुणाला दिसणार नाही असं एक भोक पाडायचं. हॉबीवाले त्याला सरळ ‘चीट होल’ म्हणतात. मामाला ते पटेना. “मिगच्या पोटाला भोक?” शेवटी पटलं. मागची हवा बाहेर टाकणारी नळी आम्ही ओएचपीच्या पारदर्शक शीटची केली. स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळते ती.

तिसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. पंखा मध्यभागी, शेपूट मागे, म्हणजे बॅटरी नाकाकडे सरकवायला हवी. पण नाकातूनच तर हवा यायची आहे! म्हणून बॅटरी हवेच्या वाटेखाली, आडोशाला बसवली. एक सर्व्हो पंखांच्या एलेरॉनला, दुसरा शेपटीच्या एलिव्हेटरला. रडर फिक्स. वजन वाचवायचं तर हौसेला कात्री लावावीच लागते.

२५० ग्रॅमची रेघ

आता खरा मुद्दा. मामाचा पहिला प्लॅन होता ५० मिमीचा पंखा. किचनच्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून बेरीज केली: सांगाडा आणि वरची फिल्म १०५ ग्रॅम, पंखा-मोटर ६२, बॅटरी ७५, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) २५, बाकी सर्व्हो, रिसीव्हर, वायरी धरून ३१. एकूण २९८ ग्रॅम.

मी तोवर ‘ड्रोन नियम, २०२१’ वाचून काढले होते. म्हटलं, “मामा, ४८ ग्रॅम कमी कर.”

कारण २५ ऑगस्ट २०२१ला लागू झालेले हे नियम फक्त चार पंख्यांच्या ड्रोनसाठी नाहीत. ‘मानवरहित विमान’ म्हटलं की त्यात आपलं पंखवालं मॉडेलही आलं. वजनाच्या उतरंडीत २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंत ‘मायक्रो’. नॅनोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, टाइप सर्टिफिकेट लागत नाही, थर्ड पार्टी विमाही लागत नाही. रेघ ओलांडली की विम्यापासून जबाबदाऱ्या वाढायला लागतात.

नियमांत एक चांगली गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी. शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा करमणूक यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला ‘मॉडेल’ म्हणून वेगळी ओळख दिली आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही. दोन किलोपर्यंत बिगरव्यावसायिक उड्डाणाला पायलट प्रमाणपत्रही नको. म्हणजे कागदावर आपला कायदा हौशी लोकांचा शत्रू नाही.

आम्ही ४० मिमीच्या पंख्यावर उतरलो. आणखी बाल्सा खरवडला, छोटी बॅटरी घेतली. अंतिम वजन २०६ ग्रॅम. थ्रस्ट काट्यावर मोजला, साधारण १५० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या पाऊण पट. जेमतेम, पण पुरेसा. थोडक्यात, आमच्या मिगचं डिझाइन वाऱ्याने जेवढं ठरवलं, तेवढंच राजपत्रानेही ठरवलं.

लाकूड इक्वेडोरचं, चुंबक चीनचं

खोक्यातल्या दोन पट्ट्या मोडलेल्या होत्या. नवा बाल्सा शोधायला गेलो आणि किंमत ऐकून थबकलो. बाल्सा हे जगातल्या सर्वात हलक्या व्यापारी लाकडांपैकी एक. घनमीटरला साधारण १६० किलो. आपलं सागवान साधारण ६५० किलो. बाल्साचा सर्वात मोठा निर्यातदार इक्वेडोर. पण तो मुख्यतः आपल्यासारख्या हौशींसाठी जातच नाही, तो जातो पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यात. २०२०च्या सुमारास चीनमध्ये पवनऊर्जेची लाट आली, मागणी उसळली, भाव चढले आणि ॲमेझॉनमधल्या आदिवासी भागांत बेकायदा तोड झाल्याच्या बातम्या आल्या. पुढे पात्यांत फोमचा वापर वाढला. तर ‘हिरव्या’ ऊर्जेचीही किंमत कुठल्या तरी जंगलाने मोजलेली असते, हे मला एका सहा इंची पट्टीने शिकवलं.

मोटरची गोष्ट याहून ताजी. ब्रशलेस मोटरमध्ये निओडायमियमचे ताकदवान लोहचुंबक असतात. ४ एप्रिल २०२५ला चीनने काही दुर्मीळ खनिजं आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात नियंत्रण आणलं, तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने देशातच असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पण तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे आणि सुट्या भागांना मुभा आहे, याचा साधा अर्थ असा की अजूनही ‘मेड इन इंडिया’ ड्रोनच्या पोटात बरंच काही बाहेरचंच असतं. आमच्या ३० ग्रॅमच्या पंख्यावरही चिनी अक्षरं होती.

उडवायचं कुठे?

आणि मग आली सगळ्यात मोठी अडचण. जागा.

डिजिटल स्कायचा नकाशा देशाला तीन रंगांत वाटतो. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत ही मर्यादा २०० फूट. ५ ते ८ किमीचा पट्टा पिवळा, तिथे हवाई नियंत्रणाची परवानगी हवी. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. नाशिकचा विचार करा: ओझरचा विमानतळ, देवळालीचं तोफखाना केंद्र, गांधीनगरचा आर्मी एव्हिएशनचा तळ. मामाचं घर ओझरच्या अगदी कडेला. जिथे शेकडो मिग जन्मले, तिथे २०६ ग्रॅमचं मिग उडवता येत नाही! १७ ऑक्टोबरला ओझरलाच बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केलं. ते आम्ही गच्चीवरून बघितलं, आमचं विमान मांडीवर घेऊन.

यात तक्रार नाही. विमानतळाशेजारी खेळ नकोच. पण मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे ड्रोन आणि रिमोटवरच्या मायक्रोलाइट विमानांवरचे बंदी आदेश वरचेवर निघतात. ऑपरेशन सिंदूरनंतर तर संशय आणखी वाढला, आणि तो समजण्यासारखाही आहे. मग मुलांनी जायचं कुठे? आम्ही एका मोकळ्या मैदानावर, हिरव्या पट्ट्यात, नुसता पंखा सुरू करून बघत होतो, तरी तिथल्या रखवालदाराने हाकललं. मी फोनवर नियम दाखवला. तो म्हणाला, “ताई, ते दिल्लीचं. इथं मला विचारतात.” त्याचं काय चुकलं? हा नियम त्याच्यापर्यंत पोहोचवलाच नव्हता कुणी.

त्यात सप्टेंबर २०२५मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा आला. त्यातल्या फौजदारी शिक्षा आणि पोलिसांना दिलेले झडती-जप्तीचे अधिकार यांवर उद्योगांतूनच टीका झाली. तेव्हा तो मसुदाच होता. पण विचार करा, आज रखवालदार हाकलतो. उद्या हातातली वस्तू जप्त होण्याची भीती असेल, तर कुठला बाप मुलीला एरोमॉडेलिंग करू देईल?

मग करायचं काय?

बाहेरही नियम ढिले होत नाहीयेत. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२६पासून १०० ग्रॅमपासूनच उडवणाऱ्याला ऑनलाइन चाचणी देऊन आयडी घ्यावा लागतो. अमेरिकेतही हौशी उडवणाऱ्यांना सुरक्षेची चाचणी द्यावी लागते, पण ती ऑनलाइन आणि फुकट. शिवाय तिथे रिमोट आयडीशिवाय मॉडेल उडवता येतील अशा ठरावीक जागांना विमान प्राधिकरणाची मान्यता असते. माझ्या मते हे दोन्ही आपल्याला सहज जमेल: मराठीतली एक छोटी मोफत चाचणी आणि प्रत्येक जिल्ह्यात एक मान्य मैदान, ज्याची यादी पोलीस ठाण्यातही असेल. क्रिकेटच्या नेटला जागा मिळते, तर याला का नको?

कारण ड्रोन उद्योगाला लागणारे हात असे एकदम कारखान्यात तयार होत नाहीत. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे मला बारावीच्या फिजिक्सने सांगितलं होतं. समजलं मात्र सिन्नरच्या पुढच्या एका माळरानावर. नकाशा तपासून, शेतमालकाला विचारून आम्ही तिथे गेलो. पहिलं उड्डाण ११ सेकंदांचं. मामाने फेकलं, मिगने नाक वर केलं, थबकलं आणि गवतात. बॅटरी आठ मिलिमीटर मागे बसली होती, चूक माझीच. फाटलेली फिल्म टेपने चिकटवली, बॅटरी पुढे सरकवली.

दुसरं उड्डाण अडीच मिनिटांचं झालं. शेतमालकाची सातवीतली मुलगी पूर्ण वेळ मान वर करून उभी होती. विमान उतरल्यावर तिने एकच विचारलं, “हे बनवायला शिकवतात कुठे?”

मामाने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे पत्ता नव्हता.